पाठ एकोणिसावा : राग

व्यंकटराव गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये छत्तीस वर्षं शिकवलं आणि त्या छत्तीस वर्षांत त्यांना एकदाही राग आला नाही. ही गोष्ट रुईगव्हाणात कौतुकाने सांगितली जाई. सांगणाऱ्यांत त्यांच्या पत्नी सुमंगलाबाई नसत. त्यांचं म्हणणं असं, की घरात राग यायचाच असतो. एकाला आला नाही की दुसऱ्याला दोघांचा मिळून येतो. तो वाट्याहून जास्त आलेला राग त्या पस्तीस वर्षं सांभाळत होत्या.

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी गुरुजींचा शिकवायचा हात थांबला नव्हता. दळण आणायला गेले तरी गिरणीवाल्याच्या पाटीवरची वेलांटी दुरुस्त करून येत. अशा माणसाच्या दारात एक दिवस शंभर पानी वही घेऊन विद्यार्थिनी आपण होऊन उभी राहिली, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल ते शिक्षकालाच कळेल. विद्यार्थिनी सव्वीस वर्षांची होती आणि रुईगव्हाणची स्टेशनमास्तर होती, पण गुरुजींनी वयाकडे कधी पाहिलं नाही. पहिलीत दाढी आलेलं पोर बसलं तरी त्यांनी त्याला 'क' कमळाचाच शिकवला असता.

पिंगळीच्या पुढचं रुईगव्हाण हे दोन पॅसेंजर थांबणारं आणि बाकीच्या गाड्या धूळ उडवून जाणारं स्टेशन. स्टेशनमास्तर प्रियांका खम्ममकडची, बोलणं तेलुगू. हिंदी तिला येत होती, पण ती रेल्वेची हिंदी होती. तिचं प्रत्येक वाक्य 'कृपया'ने सुरू होई आणि असुविधेबद्दल खेद व्यक्त करून संपे. गावात राहायचं तर गावाची भाषा आली पाहिजे, हे तिचं तिनेच ठरवलं होतं. गुरुजींनी कपाटातून पहिलीचं जुनं पुस्तक काढलं आणि शिकवणी सुरू झाली. हे झाड आहे. झाड हिरवे आहे. मला झाड आवडते.

पोरगी हुशार. चार महिन्यांत अठरा पाठ झाले. 'ळ' तर असा म्हणायची, की गुरुजी तो पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून 'बाळ, कमळ, फळ' असे शब्द मुद्दाम पेरत. तिच्यासाठी त्यांनी हाताने रेघा मारून एक प्रगतिपत्रकही केलं. शेऱ्याच्या जागी आपल्या ठेवणीतल्या अक्षरात लिहिलं, 'शांत व गुणी'.

इथवर सगळं गोड होतं. पुढे मिरची आली.

प्रियांका आबासाहेबांच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होती. आबासाहेब म्हणजे दिलदार माणूस. त्यांनी फाल्गुनात मिरची कांडायचं यंत्र घेतलं आणि गोठ्यात बसवलं. गोठा आणि प्रियांकाची खोली यांच्यात एक खिडकी होती. प्रियांकाची ड्यूटी बहुतेक रात्रीची, झोपायचं दिवसा. आणि उन्हाळ्यात वर्षाची चटणी करून ठेवायची म्हणून पाच गावच्या बाया लाल मिरचीची पोती घेऊन दिवसभर गोठ्यापुढे रांगेत. यंत्राचा आवाज एक वेळ सहन होतो. पण मिरचीचा खकाणा खिडकीतून आत यायचा तो थेट झोपलेल्या माणसाच्या नाकात. गावाला प्रियांकाच्या शिंका स्टेशनच्या घंटेसारख्या ओळखू येऊ लागल्या.

तिने तक्रार केली. गुरुजींच्या पद्धतीने आधी वहीत लिहून, पाठ करून, मग जाऊन हात जोडून म्हणून दाखवली.

"आबासाहेब, नमस्कार. मी रात्री जागते. मी दिवसा झोपते. मिरची मला आवडते. मिरचीचा ठसका मला आवडत नाही. कृपया यंत्र हलवावे. धन्यवाद."

आबासाहेब ऐकतच राहिले. मग घरात तोंड करून म्हणाले, "आगं, बाहीर ये लवकर. मॅडम मराठी बोलायल्यात. मॅडम, आणखी एकदा म्हणा बरं."

प्रियांकाने आणखी एकदा म्हटलं. आबासाहेबांच्या घरच्यांनी डोळ्याला पदर लावला. "तेलंगणाची पोर, पर कसं पुस्तकावाणी बोलायली," म्हणून तिच्या हातात अर्धा किलो ताज्या चटणीची पिशवी ठेवली. यंत्र तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी जावई आले म्हणून आबासाहेबांनी तिला बोलावून तीच तक्रार पुन्हा म्हणायला लावली, आणि जावयांनीही मान डोलावली. पंधरवड्यात प्रियांकाकडे सहा पिशव्या जमल्या. तिच्या खोलीत आता आतूनही ठसका येऊ लागला.

एका संध्याकाळी ती वही न उघडता गुरुजींपुढे बसली. डोळे लाल. "गुरुजी, मी बदलीचा अर्ज केला आहे," ती म्हणाली. "झोप झाली नाही की मी स्टेशनच्या खुर्चीत बसणार नाही. गाडीत माणसे असतात."

अकरा वर्षांनी मिळालेली विद्यार्थिनी अठराव्या पाठावरून निघून चालली होती, आणि तीही कुणा वाईट माणसामुळे नाही, तर ऐकणाऱ्याला गोड वाटणाऱ्या मराठीमुळे. ती मराठी कुणी शिकवली होती, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या रात्री त्यांनी पहिलीचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. अख्ख्या पुस्तकात कुणालाच राग आलेला नव्हता. एका पानावर मांजर उपाशी होती, पण तिचीही तक्रार नव्हती.

सकाळी त्यांनी कोऱ्या पानावर मथळा घातला, 'पाठ एकोणिसावा : राग'. खाली तीन वाक्यं लिहिली. मला राग आला आहे. आपण असे वागू नये. याची नोंद घ्यावी.

सुमंगलाबाईंनी चहा ठेवता ठेवता वाचलं. "हे काय, आजारपणाच्या रजेचा अर्ज लिहायलाव का?"

"रागाचा पाठ आहे."

"तुमी शिकवणार? राग?" सुमंगलाबाई खाली बसल्या, कारण उभ्याने इतकं हसणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं.

ही बातमी कुंपणापलीकडे जायला तेवढं हसू पुरलं. शेजारचे पंडित, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आपली खुर्ची घेऊनच आले. "गुरुजी, रागाला वाक्य लागत न्हाई, आवाज लागतो," ते म्हणाले. "मी तेहतीस वर्षं 'पुढं सरका' येवढंच म्हणलो. पालमच्या गाडीत नव्वद माणसं बसवलीत मी, दोन शब्दांवर." आणि त्यांनी म्हणून दाखवलं. अंगणातल्या तीन कोंबड्या खरोखरच पुढे सरकल्या. प्रियांकाने प्रयत्न केला. ती 'पुढे सरका' म्हणाली आणि सवयीने थोडी बाजूला होऊन पंडितांनाच वाट दिली.

मग कुणीतरी सुचवलं, की सरळ लेखी तक्रार करा, कागदाला घाबरतात लोक. गुरुजींना हे पटलं. तक्रार प्रियांकाने स्वतः लिहिली, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. ती ग्रामपंचायतीच्या कचेरीत दिली तेव्हा तिथल्या माणसाने सांगितलं, की अर्जदाराच्या शेजाऱ्याचा जबाब जोडा, त्याशिवाय कागद पुढे जात नाही. प्रियांकाच्या खोलीला शेजार दोनच. एका बाजूला रेल्वेचे रूळ आणि दुसऱ्या बाजूला आबासाहेब.

आबासाहेबांनी चष्मा लावून स्वतःवरची तक्रार वाचली. "काय अक्षर हाय पोरीचं. गुरुजी, तुमच्या हाताला गुण हाय बघा," म्हणत त्यांनी जबाबाच्या रकान्यात मोठ्या प्रेमाने लिहून दिलं, 'मॅडम फार सज्जन आहेत. आमची काहीही हरकत नाही.' शेजाऱ्याची हरकत नसल्याने तक्रार निकाली निघाली. अर्ज परत आला, आणि त्याच्याबरोबर सातवी पिशवी.

आता एकच उपाय उरला होता, आणि तो गुरुजींच्या प्रतिष्ठेला फार जड जात होता. तो म्हणजे कस्तुराबाई.

कस्तुराबाई भाजी विकायच्या. भांडणात त्यांचा हात धरणारं त्या पट्ट्यात कुणी नव्हतं. त्यांचं भांडण सुरू झालं, की माणसं कामं सोडून उभी राहत, आणि ते संपलं की ज्याच्याशी भांडण झालं तोही जरा वेळ कौतुकाने बघत राही. गुरुजी त्यांच्याकडे शिकवणीचं विचारायला गेले, ते टोपी नीट करून, वरिष्ठांकडे जावं तसे.

"शिकवते की," कस्तुराबाई म्हणाल्या. "पर तुमी मधी मधी शुद्ध करायचं न्हाई."

अट मान्य करून गुरुजी अंगणाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसले. पंडित आपल्या खुर्चीत होते. सुमंगलाबाई तांदूळ निवडायचं निमित्त काढून दारात.

"कमरंवर हात ठिव आदी," कस्तुराबाईंनी सुरुवात केली. "असा न्हाई माय, हे झेंडावंदन झालं. हां. आता मान वाकडी कर. आता म्हण, आबासाहेब, तुज्या यंत्राला किडे पडू दे."

"आबासाहेब, तुमच्या यंत्राला," प्रियांकाने वहीत तेलुगू अक्षरांत लिहून घेत विचारलं, "किडे कसे पडतील? यंत्र लोखंडाचे आहे."

"पडू दे म्हणायचं, पडत्यात का कोन बघायलंय," कस्तुराबाई म्हणाल्या. दोन तास त्यांनी जीव ओतून शिकवलं. गुरुजींना तीन ठिकाणी कर्ता आणि क्रियापद जुळत नसल्याचं दिसलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. इतकं मन लावून शिकवण्याचा आनंद त्यांना ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी प्रियांका आबासाहेबांपुढे उभी राहिली. गोठ्याच्या भिंतीआड गुरुजी, पंडित आणि कस्तुराबाई कान देऊन. प्रियांकाने कमरेवर हात ठेवला आणि पाठ सुरू केला. एक शब्द चुकला नाही. स्वल्पविरामाला थांबली, पूर्णविरामाला श्वास घेतला. किडे पडले, पट्टा तुटला, गिऱ्हाईक आटलं, सगळे शाप यथास्थित आले. शेवटी तिने थोडं थांबून म्हटलं, "धन्यवाद."

आबासाहेबांनी टोपी काढली. "मॅडम, हेच कस्तुराबाईच्या तोंडून ऐकलं की अंगावर काटा येतो. तुमच्या तोंडून आरतीवाणी वाटायलंय."

भिंतीआड कस्तुराबाईंनी टोपली उचलली आणि त्या घरी गेल्या. दोन दिवस त्यांनी कुणाशीही भांडण केलं नाही. गावात लोक एकमेकांकडे त्यांच्या तब्येतीची चौकशी करू लागले.

बदलीचं पत्र आलं. गंगाखेडच्या बाजूची जागा, हवी असेल तर पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत कळवायचं. प्रियांकाने ते गुरुजींना वाचायला दिलं. ते त्यांनी वाचलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

त्याच दिवशी तिची वही त्यांच्याकडे राहिली म्हणून ती द्यायला ते दुपारी एक वाजता तिच्या खोलीकडे गेले. यंत्र जेवणाच्या सुट्टीसाठी जरा थांबलं होतं. दारापर्यंत पोहोचले आणि आतून आवाज आला म्हणून थबकले. प्रियांका फोनवर आईशी बोलत होती. 'अम्मा' एवढा एकच शब्द गुरुजींना कळला.

पण ती बोलणारी कोण होती? गुरुजींची विद्यार्थिनी वाक्यावाक्याला पाऊल टाकून चालत असे. ही पळत होती. आवाज चढत होता, मध्येच तुटत होता. ती रागावली, शिंकली, शिंकेवरही रागावली. मग एकदम रडकुंडीला आली आणि त्याच श्वासात कशावर तरी हसली, बहुधा सात पिशव्यांवर. एका मिनिटात तिच्या आवाजात इतकं काही येऊन गेलं, की गुरुजी आपण उन्हात उभे आहोत हे विसरले. एक शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. मराठीत ही पोर सहा वर्षांची होती, नीटनेटकी, दप्तर आवरून बसलेली. तेलुगूत ती सव्वीस वर्षांची होती.

परत येताना त्यांना बोरीजवळच्या शाळेतली बबिता आठवली. तांड्यावरून यायची. चार वर्षं तिसऱ्या ओळीत बसली, विचारलं तेवढंच बोलली. चारही वर्षं त्यांनी तिच्या प्रगतिपत्रकावर लिहिलं होतं, शांत व गुणी. एकदा बोरीच्या बाजारात एक मुलगी बांगडीवाल्याशी आपल्या तांड्याच्या बोलीत हुज्जत घालत होती. काय तिचा आवाज, काय तिचा ठसका. बांगडीवाला हसतही होता आणि हरतही होता. गुरुजींना क्षणभर वाटलं, ही बबिता. मग वाटलं, छे, ती तर शांत मुलगी. आणि ते पुढे निघून गेले होते.

संध्याकाळी प्रियांका आली तेव्हा त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. "बाळ, उद्या आबासाहेबांकडे जायचं. मराठी नको. अम्माशी बोलतेस तसं बोलायचं."

"पण त्यांना कळणार नाही, गुरुजी."

"मला दारातून कळलं. ते तर समोर असणार."

सकाळी प्रियांका खाली बघत गोठ्यापुढे उभी राहिली. मग तिने एक वाक्य म्हटलं, हळूच. मग दुसरं. तिसऱ्या वाक्याला तिने मान वर केली, आणि त्यानंतर रुईगव्हाणाने जे ऐकलं ते गाव अजून सांगतं. कमरेवर हात ठेवायची तिला आठवणही राहिली नाही. दोन्ही हात बोलत होते. रांगेतल्या बायांनी पोती खाली ठेवली. आबासाहेबांनी स्वतः उठून यंत्राचं बटण बंद केलं आणि पाटावर बसून सगळं ऐकून घेतलं. ऐकताना ते दोनदा 'हां' म्हणाले, आणि दोन्ही वेळा योग्य ठिकाणी.

ती थांबली. डोळे पुसले. 'धन्यवाद' म्हणाली नाही.

"आरारा," आबासाहेब म्हणाले. "पोरगी दोन महिन्यांपासून येवढी परेशान हाय, आन मला एकानंबी सांगितलं न्हाई? गुरुजी, कमाल हाय, तुमीबी न्हाई."

छत्तीस वर्षांच्या संयमाचा गुरुजींना त्या घटकेला फार उपयोग झाला.

आबासाहेब शब्दाचे पक्के. दोन दिवसांत यंत्र हललं. गावात दुसरी रिकामी शेड एकच होती, ती गुरुजींच्या मागच्या भिंतीला लागून.

पहिल्या दिवशी गुरुजी शिंकले तेव्हा सुमंगलाबाई म्हणाल्या, "जा, बोला आता."

"पोर झोपत असेल," गुरुजी म्हणाले.

चौथ्या दिवशी त्यांना खोकला लागला. सुमंगलाबाईंनी खिडकीला ओलं धोतर बांधलं, मग स्वतः जायला निघाल्या. गुरुजींनी त्यांना थांबवलं. "शनिवारपर्यंत राहू दे. आपण तक्रार केली आणि यंत्र पुन्हा तिच्या खिडकीशी गेलं, तर ती जाईल."

"आन इथं राहिलं तर तुमी जाल," सुमंगलाबाई म्हणाल्या. "वर." पण त्या बसल्या. पस्तीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला कशासाठी तरी हट्ट करताना पहिल्यांदाच पाहिलं होतं.

शनिवारी प्रियांका आली. झोप झालेली, चेहरा उजळलेला, हातात वही आणि वहीत बदलीचं पत्र. तिने काय ठरवलं, हे विचारायचा धीर गुरुजींना झाला नाही. त्यांनी प्रगतिपत्रक तयार ठेवलं होतं, निरोपाला द्यायला. "आज शुद्धलेखन घेऊ," असं ते म्हणायला गेले, पण आवाज फुटलाच नाही. नुसती हवा आली आणि मागून खोकला. तो थांबेना. भिंतीपलीकडे यंत्र सुरू झालं होतं.

"गुरुजी, काय झाले? किती दिवस?"

गुरुजींनी हातानेच सांगितलं, काही नाही, हवा बदलली.

प्रियांकाने सुमंगलाबाईंकडे पाहिलं. सुमंगलाबाईंनी भिंतीकडे पाहिलं. प्रियांका वही तिथेच टाकून उठली, चपला न घालता गेली. मग भिंतीपलीकडून आवाज आला.

"आबासाहेब, बंद करा. आदी बंद करा म्हणलं ना. तुमी माणूस हाव का कोण हाव? सत्तर वर्षांचा म्हातारा माणूस, खोकून खोकून अर्धा झाला, आवाज गेली त्यांची, आन तुमी इथं मिरच्या कांडायलाव? त्यांना राग येत न्हाई म्हणून त्यांच्या उरावर मशीन ठेवणार का? त्यांना येत न्हाई. मला येतो. लय येतो." मध्ये एक वाक्य तेलुगूत गेलं आणि तसंच परत आलं. "आन चटणी देऊ नका मला. नको म्हणलं ना. मी कुठं जायला न्हाई इथून. पत्र फाडून टाकते मी. रोज येऊन बघणार, रोज. आमचे गुरुजी हायत ते."

यंत्र बंद पडलं होतं. रस्त्याने जाणाऱ्या कस्तुराबाईंनी टोपली खाली ठेवली होती. "कमरंवर हात हाय बघा," त्या शेजारच्या बाईला हळू आवाजात म्हणाल्या. "मी शिकवलंय."

भिंतीच्या अलीकडे गुरुजी बसून होते. एका वाक्यात लिंग चुकलं होतं, दुसऱ्यात काळ. ते त्यांच्या कानांनी आपोआप टिपलं आणि तसंच सोडून दिलं.

"ऐकलंत का?" सुमंगलाबाईंनी विचारलं. "न्हाई जायची म्हणली."

गुरुजींनी मान हलवली. मग त्यांनी पेन उघडलं, प्रगतिपत्रक जवळ ओढलं आणि 'शांत व गुणी' यातले पहिले दोन शब्द पट्टी लावून नीट खोडले. उरलेला एक शब्द त्यांनी तसाच ठेवला. आणखीही काही प्रगतिपत्रकं होती, ती दुरुस्त करायला हवी होती. पण ती आता कुणाकुणाच्या घरी असतील, तांड्यावरच्या कुठल्या पेटीच्या तळाशी असतील, कोण जाणे.

प्रियांका परत आली ती धापा टाकत. पाय धुळीने माखलेले, हातात शेवटी आठवी पिशवी होतीच. ती तिने सुमंगलाबाईंच्या पुढ्यात आदळली, चटईवर मांडी घातली, वही उघडली आणि डोळे पुसत म्हणाली, "पाठ विसावा, गुरुजी."

गुरुजींना आवाज नव्हता. त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, 'आज तू शिकव. तेलुगू. पाठ पहिला.'